सरस वाळेपर्यंत

११ फेब्रुवारी

लिहीन, लिहीन म्हणत वीस दिवस काढले, हे आधी कबूल करून टाकतो. ही वही ताईने दिली. निघताना बॅगेत कोंबली आणि म्हणाली, रोज चार ओळी लिही, म्हणजे तू कुठे आहेस ते निदान तुला तरी कळेल. पहिल्या पानावर मी एक मांजर काढलं. दुसऱ्या पानावर त्याची शेपटी राहिली होती ती काढली. मग वही मिटली ती आजच उघडतोय.

आज लिहायला कारण आहे. नोकरी लागली! तीही मी शोधायला गेलो नसताना. बसस्टँडवर उतरून उगाच भटकत होतो, तर एका गल्लीत वाद्यं दुरुस्त करण्याचं दुकान दिसलं. काचेवर आतून चिठ्ठी लावलेली: हाताखाली माणूस पाहिजे. आत एक म्हातारे गृहस्थ, गळ्याला तो कडक पट्टा लावतात ना मान दुखणारे, तसा पट्टा लावून बसलेले. सगळे त्यांना काकाच म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागलो. मला वाटलं, शाळा किती, अनुभव किती असं विचारतील आणि दोन मिनिटांत बाहेर काढतील. काहीच विचारलं नाही. एक प्लायवूडचा तुकडा पुढे केला, त्याला मधोमध गोल भोक, आणि म्हणाले, यातून हात घाल. घातला. कुठेही न घासता कोपरापर्यंत गेला. काका असे खूश झाले की जणू मी परीक्षेत पहिला आलोय.

मग माझी टकळी सुरू झाली. म्हटलं, हा तर काहीच नाही, आमच्या ताईचा हात याहून बारीक. हे तिचंच घड्याळ. पट्ट्याला शेवटचं भोक तिने खिळ्याने पाडून घेतलंय, तरी तिच्या हातावर ते ढिलं व्हायचं. मला तिसऱ्या भोकात बसतं. काकांनी घड्याळ नीट बघितलं. मला जरा लाजच वाटली, बाईमाणसाचं घड्याळ घालून हिंडतोय म्हणून. पण ते हसले नाहीत.

राहायला दुकानाच्या वरची खोली. खिडकी, पलंग, टेबल, आणि लाकडी जिना, ज्याची चौथी पायरी बोलते.

१४ फेब्रुवारी

तीन दिवसांत एवढं शिकलो की शाळेत दहा वर्षांत शिकलो नसेन. सरस म्हणजे काय ते कळलं. जनावराच्या कातड्यापासून काढलेला, खड्यांसारखा असतो. रात्रभर पाण्यात फुगवायचा, मग भांड्यात भांडं ठेवून वाफेवर पातळ करायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की मेला. वास असा की पहिल्या दिवशी मी जेवलोच नाही. आता लक्षातही येत नाही.

आणि ठोकून ऐकायला शिकलो. गिटारच्या वरच्या फळीला आतून लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, फळीला आधार म्हणून. एखादी सुटली असेल तर बाहेरून दिसत नाही. बोटाच्या पेराने हलकेच ठोकत जायचं. घट्ट असेल तिथे टक्. सुटली असेल तिथे आवाज फाटतो, आतून जरा उशिरा उत्तर आल्यासारखा. काका म्हणतात, माझा कान चांगला आहे. मी टेबल, भिंत, पलंग, सगळं ठोकून बघतोय. चौथी पायरी सुटलेली आहे.

काकांनी माझं नाव भिंगरी ठेवलंय. एका जागी ठरत नाही म्हणून.

काकू मात्र अजब. चोवीस तास हातात सुती मोजे. भांडी घासतानाही त्यावर रबरी मोजे चढवतात. जेवण वाढताना आज हळूच विचारलं, किती दिवस राहणार आहेस? म्हटलं, काका ठेवतील तोवर. तर म्हणाल्या, चार दिवस झाले की जा बाबा, गावं काय कमी आहेत का तुझ्यासाठी. मला वाटलं मी जास्त खातो म्हणून. उद्यापासून एक पोळी कमी.

१७ फेब्रुवारी

आज ती खाली उतरवली.

मागच्या भिंतीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं होतं. मला वाटायचं इस्त्रीचं टेबल असेल. निघाली गिटार. काका म्हणाले, नव्वद वर्षांची तरी असेल. कमरेत बारीक, अंगाने लहान, फळीचा रंग मधासारखा. मी आत्तापर्यंत पाहिलेल्या सगळ्या गिटारी हिच्यापुढे खोके वाटल्या. पण अवस्था वाईट. तारा जिथे टेकतात त्या घोडीच्या खालून एक लांब तडा, आरपार. आतल्या दोन पट्ट्या सुटलेल्या (मी ठोकून ओळखल्या, काकांनी मान डोलावली, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्यामुळे अख्खे खांदेच डोलले). आणि मान जिथे अंगाला जोडलेली असते तो सांधा ढिला. मान पुढे झुकलीये, तारा बोटभर वर उचलल्यात.

ही कुणाची, विचारलं. काका म्हणाले, येते आणि राहते. ज्यांची होती त्यांना परत नको होती.

तडा लगेच चिकटवायचा नसतो. लाकूड सुकून आकसलेलं असतं, त्याला आधी पाणी पाजायचं. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज ठेवायचा, डबी गिटारच्या पोटात सोडायची आणि वर झाकण. आठवडाभरात लाकूड फुगतं, तडा आपणहून मिटत येतो. स्पंज तीन दिवस ओला राहतो, असं काका म्हणाले.

१८ फेब्रुवारी

सकाळी स्पंज बघितला. कोरडा. नुसता कोरडा नाही, हातात घेतला तर त्याचा चुरा झाला. काकांना सांगितलं तर म्हणाले, तहानलेली आहे, नवा ठेव.

दुपारच्या चहाला परत बघितला. कोरडा.

आज तिसरा स्पंज. भांडी घासायचे स्पंज संपले म्हणून काकू चिडतील असं वाटलं. त्या नुसत्या गिटारकडे बघत बसल्या.

२१ फेब्रुवारी

तडा मिटला! एवढा की नखही अडकेना. आणि आज माझ्या हाताने चिकटवला.

दोघांचं काम असतं हे. काका वरून सरस चोळत होते, मी आतून हात घालून बोटाने फळी हळूहळू दाबत आणि सोडत होतो. असं केलं की तडा श्वास घेतल्यासारखा सरस आत ओढतो. हा शब्द काकांचा. मग आतून चार ठिगळं लावायची, पातळ लाकडाची, शंकरपाळ्याच्या आकाराची. मोठ्या हाताचं काम नाही. मला खोटं बोलता येत नाही, मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाडकुळ्या हातांचा कुणाला उपयोग झाला.

मग आरसा आणि बारका दिवा आत सोडून बघितलं. आत सह्या होत्या! ठिकठिकाणी, पेन्सिलने, प्रत्येकीखाली तारीख. काका म्हणाले, आमच्यात पद्धत आहे. ज्याचा हात आत गेला त्याने आपल्या कामाशेजारी सही करायची. पुढच्याला कळायला हवं कुणी काय केलंय. मी मोजल्या, सात. मानेच्या सांध्यापाशी काकांची. आणि आपल्या तड्याच्या कडेला जी होती तिचं अक्षर मला ओळखीचं वाटलं. मग आठवलं, किराणाच्या यादीवर रोज बघतो. काकूंची.

मी बारकी पेन्सिल बोटांत धरून चाचपडत सही केली. कसली वेडीवाकडी आली. पण केली. ताई म्हणते ना, एक काम धड तडीस नेलं नाहीस कधी. घ्या! लगेच तिला पत्र लिहिलं, तीन पानं, या पत्त्यासकट. पाकीट चिकटवायला काकांकडेच दिलं, सरस त्यांच्याकडे आहे म्हणून. हसले.

२३ फेब्रुवारी

सकाळी काकू मोज्यांशिवाय चहा घेऊन आल्या.

त्यांचे हात मी पहिल्यांदाच बघितले. लहान मुलीचे असावेत तसे, गुळगुळीत. सारखे उलटसुलट करून बघत होत्या. डोळ्यांत पाणी. मी विचारलं काय झालं, तर कप ठेवून पळाल्याच.

माझ्या उजव्या हाताला चीर पडलीये. तर्जनीच्या मुळापासून मनगटापर्यंत, सरळ रेषेत. रक्त नाही, दुखत नाही. कडा मात्र कोरड्या, वळलेल्या. गरम सरसामुळे असेल. तेल लावलं. तेल आत गेलं आणि चीर तशीच. गंमत म्हणून पट्टीने मोजली. साडेअकरा सेंटिमीटर.

मग खाली जाऊन तडा मोजला.

आता वाटतं मोजायला नको होता.

२४ फेब्रुवारी

कालचं लिहिलेलं वाचून हसू आलं. साडेअकरा तर साडेअकरा. जगात लाखो वस्तू साडेअकरा सेंटिमीटरच्या असतील.

आज सुटलेल्या दोन्ही पट्ट्या चिकटवल्या. आतून टेकू लावून दाब द्यायचा, बाहेरून शिकंजे. काकांनी पाठ थोपटली. दोन्हीला मिळून एकच सही चालेल म्हणाले. तिथे आधी कुणा तिसऱ्याचीच सही होती, मी तिच्या खाली केली. फार पाणी प्यावंसं वाटतं हल्ली. दुपारपासून दोन तांबे झाले.

२५ फेब्रुवारी

जिन्यावरून पडलो. चौथी पायरी नाही, माझे गुडघे.

दुखत अजिबात नाहीत. वाटी जागेवर नाही इतकंच. पाय उचलला की खालचा भाग जरा उशिरा येतो. काकांनी मला वर आणून झोपवलं, फार मायेने. मी पेराने गुडघ्याला ठोकून बघितलं. का बघितलं कोण जाणे, सवय. आवाज फाटका आला. दोन्हीकडे.

दुपारी खाली फोन वाजला. काकांचा आवाज ऐकू येत होता. चालतोस? खरंच? काठी नाही? अरे वा, अरे वा. मग म्हणाले, मी नाही केलं, आपला भिंगरी आहे एक. गुणी आहे.

२६ फेब्रुवारी

विचारलं. काकांनी सगळं सांगितलं. लपवतील, चिडतील असं वाटलं होतं. तसं काही नाही, पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि वाद्याबद्दल बोलावं तसं बोलले.

तिचा तडा मिटतो तो कुठेतरी जायला हवा. ज्याची सही त्याच्याकडे जातो. पुन्हा दुसऱ्याने तीच जागा दुरुस्त करायला घेतली की पहिल्याचं ओसरायला लागतं, आणि सही केली की तो मोकळा. बस, इतकंच. काकूंनी तेवीस वर्षं भेगाळलेले हात मोज्यांत घालून काढली. रोज रडायच्या. मी काय करायला हवं होतं, तूच सांग, म्हणाले. त्याचाच सगळ्यात जास्त राग येतोय.

सोडून का देत नाही तिला, जाळून का टाकत नाही, विचारलं. म्हणाले, एकाने चुलीत घालायला नेली होती. नुसतं एक टोक धगीला लागलं. त्याचं नाव अजून आत आहे, बघ कधी. तो नाही.

मग म्हणाले, तूही मोकळा होशील, फक्त एक बारीक हात हवा. आणि माझ्या मनगटाकडे बघितलं. घड्याळाकडे. पट्ट्याच्या शेवटच्या भोकाकडे.

मी मूर्ख. पहिल्याच दिवशी, कुणी न विचारता—

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, सांगितलं होतं ना रे तुला, जा म्हणून.

२७ फेब्रुवारी

सौदा केला.

मानेचा सांधा मी करून देणार. त्याचीही सही माझी. बदल्यात काकांनी ताईला बोलवायचं नाही, तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, कधीच. काकांनी काकूंच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. खोटं बोलणारा माणूस नाही तो, हीच तर—

हात भाजला की ताई माझा हात स्वतःच्या ओढणीत धरायची आणि म्हणायची, आता मला दुखतंय, तुला नाही. मला खरंच वाटायचं तसं. सात वर्षांचा होतो.

ती इथे आली आणि तिला कळलं तर ती एक क्षण विचार करणार नाही. म्हणून तिला कळायलाच नको.

२८ फेब्रुवारी

सांधा झाला. खुर्चीवर बसून केला. मानेवरच्या एका धातूच्या पट्टीखाली, म्हणजे पडद्याखाली, बारीक भोक पाडून वाफ सोडली, जुना सरस सुटला, मान अलगद हातात आली. काय सुंदर खाच कापलेली होती, कबुतराच्या शेपटीसारखी. पातळ पाचर घातली. नवा सरस. शिकंजा. सही.

आता फक्त वाळायचा आहे.

१ मार्च

सकाळी काकांनी स्वतःच्या गळ्याचा पट्टा काढला आणि माझ्या गळ्यात बांधला. मग वर बघितलं, छताकडे. तीस वर्षांनी वर बघतोय म्हणाले. टोपी घातली आणि बाहेर पडले. रस्त्यात मधोमध थांबून आकाशाकडे बघत होते, खिडकीतून दिसले.

पट्टा नसला की हनुवटी छातीवर येते आणि घसा दबतो. पट्टा असला तरी आवाज निघत नाही. वारा निघतो नुसता.

पाणी. पाणी. पाणी.

२ मार्च

काका अजून परतले नाहीत.

वही हनुवटीखाली धरून लिहितो.

ठोकण्याची खूण ठरवली काकूंशी. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे वर या. पलंगाच्या कडेला पेराने. त्या लगेच येतात. चमच्याने पाजतात, हात स्वच्छ, गुळगुळीत. मान खाली. आज म्हणाल्या, माझ्याने बघवत नाही रे.

दुपारी पलंगावरून खिडकीशी वाकलो तर खालचं अंगण दिसलं. काकूंनी गिटार उन्हात ठेवलीये. आत डबी नाही, झाकण नाही. कडक ऊन. फळी तडकेल ना अशाने. तडकू दे. बरं केलं. मरू दे तिला तहानेने—

मला वाटतं काकू माझ्या बाजूच्या आहेत.

३ मार्च

खालून आवाज आला. लाकूड फुटताना येतो तसा. एकच.

हात बघितला. काही नाही. चीर तशीच.

म्हणजे तिचा तडा परत उघडला. चिकटवायला मोकळा. पण चिकटवणार कोण. काकूंचा हात परत— नाही, त्या पुन्हा नाही करणार. कुणी करेल का दोनदा.

डोकं चालत नाही. झोप.

ताईला पत्र मिळालं असेल. मजेत आहे असंच लिहिलंय त्यात. तीन पानं. उघडंच दिलं होतं ते काकांकडे. शब्द देण्याच्या सहा दिवस आधी.

शेवटी कोरी जागा होती. बरीच. आणखी कुणाला दोन ओळी लिहिता येतील एवढी.

४ मार्च, सकाळ

काकू पाणी घेऊन आल्या. घड्याळ काढून घेतलं माझ्या हातातलं. किती वाजले बघायला असेल. परत दिलं नाही.

सरसाचा वास येतोय. काका घरात नाहीत. मग भांडं कुणी ठेवलं वाफेवर.

खाली दोन आवाज. एक काकूंचा. हळू, समजावल्यासारखा. बोटं चपटी ठेव. दाब आणि सोड. दाब आणि सोड. बघ, ओढते ना आत.

माझ्याशी कधी इतकं हळू बोलल्या नाहीत.

दुसरी बाई नुसतं हूं म्हणते.

दोनदा ठोकलं. वर या. परत दोनदा. कुणी येत नाही. काकू खाली म्हणतायत, लाकडाचं घर आहे, वाजतंच.

तळहात शिवशिवतोय. मनगटाकडून. चीर— मिटतेय. साडेअकरा होती. आता आठ. सहा. दुखत नाही, उलट कुणीतरी ओढणीत धरल्यासारखा—

ठोकतोय. जोरात. ठोकतोय.

खालचा आवाज थांबला. ती विचारतेय, पेन्सिल कुठे आहे, काकू? आणि वर ओरडून मला म्हणाली, आले रे, दोन मिनिटं. तेवढी सही करते आणि—

ताई आलीये